पंचेचाळिशीनंतर व्यायाम सुरू केला आणि टिकला – तुमचा कशाने टिकला?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. वजनाचा विषय निघाला की बोलणं 'काय खावं आणि काय टाळावं' याच्यावरच जातं. त्याची माहिती आता सगळ्यांनाच आहे. पण पहाटे साडेपाचला अंथरूण सोडून पायात बूट घालायला ती माहिती पुरत नाही. म्हणून या धाग्यात एवढंच विचारायचं आहे : पंचेचाळिशीच्या आगेमागे ज्यांनी व्यायाम सुरू केला आणि ज्यांचा तो टिकला, त्यांचा तो नेमका कशामुळे टिकला?

माझं थोडक्यात सांगते. वय ४७, जळगाव, कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवरचं काम. वडील आणि दोन्ही काका मधुमेही. मागच्या वर्षी माझा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी टेप लावून कंबर मोजली, ती ९३ सेंटिमीटर भरली. भारतीय बायकांची कंबर ८० च्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं मानतात, हे तेव्हा कळलं. वडिलांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी केलेलं आहे, त्यामुळे भीती पुरेपूर होती. पण भीती काही रोज सकाळी उठवायला येत नाही. महिन्याभरात ती ओसरते.

माझं टिकलं ते शेजारणीमुळे. त्या माझ्याहून मोठ्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या. सकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात. हाक नाही, फोन नाही, बेल नाही. बाहेर त्या उभ्या आहेत हे मला माहीत असतं, आणि त्यांना ताटकळत ठेवणं माझ्याच्याने होत नाही. आम्ही मेहरूण तलावापर्यंत जातो, काठाने चालतो आणि उन्हं वर यायच्या आत घरी असतो.

यावरून माझं एक मत झालं आहे. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून आपण स्वतःला फार दोष देतो. आपल्याकडे खाणं कधी एकट्याचं असतं का? थंडीत भरीत करायचं ठरलं की मळ्यात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटते, वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत ठेचली जातात आणि जेवायला पंधरा-वीस माणसं असतात. खाणं दहा जणांत आणि व्यायाम मात्र प्रत्येकाने आपापला, गुपचूप, अपराधी चेहऱ्याने करायचा, हे जमणारच नाही. व्यायामही चार माणसांत आणला पाहिजे.

आणखी एक गोष्ट बायकांनी तरी लिहाच. 'आता या वयात कुणाला दाखवायचंय?' हे वाक्य तुम्हाला कोणी ऐकवलं का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?

धुळेकर

ताई, चांगला धागा काढलात. वय ५२, बँकेत आहे. सोबतीबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमचा सकाळचा मोठा ग्रुप होता. माणसं जिवाभावाची, अजूनही आहेत. पण चालून झालं की सगळे नाश्त्याच्या गाडीवर, आणि तिथे बसणं चालण्यापेक्षा लांबायचं. अर्धा-पाऊण तास चालून जेवढ्या कॅलरी जळतात तेवढ्या दोन कचोऱ्यांत सहज परत येतात. त्यामुळे 'ग्रुप असावा' एवढं म्हणून भागत नाही. तो कसला आहे ते बघावं लागतं.

माझं टिकलं ते लळिंगच्या किल्ल्यामुळे. धुळ्याबाहेर मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर हा फारुकी सुलतानांचा किल्ला. लहानपणी शाळेच्या सहलीत धावत चढलो होतो. पन्नाशीला मुलाबरोबर गेलो तर अर्ध्यावर श्वास पुरेना, छातीत धडधड. मुलगा काही बोलला नाही, पण माझी पाण्याची बाटली त्याने आपल्या हातात घेतली. ते मला लागलं. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि बाकी तपासण्या करून घेतल्या (हे सगळ्यांनी करावं, विशेषतः बीपी-शुगर असेल तर), आणि दर रविवारी लळिंग असं ठरवून टाकलं. सोमवार ते शनिवार पांझरेच्या काठाने चालतो ते रविवार जड जाऊ नये म्हणून.

वजनकाट्यावरचा आकडा वर-खाली होत राहतो, त्यात माझं मन लागत नाही. किल्ला तेवढाच आहे. मागच्या महिन्यात जिथे बसावं लागलं तिथून आज पुढे गेलो, हे पायाला कळतं. मी तरी सगळ्यांना हेच सांगेन की वजन उतरवायचं म्हणून चालू नका. चढायचं असं एखादं ठिकाण ठरवा.

सांधेदुरुस्त

मी भुसावळला फिजिओथेरपिस्ट आहे. रोज याच वयाची माणसं समोर असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, त्यामुळे आता वजन उतरणार नाही' हे मी दिवसातून दहादा ऐकतो. २०२१ साली २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की शरीराचं आकारमान लक्षात घेऊन हिशेब केला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर असतो. घट साठीनंतर सुरू होते. म्हणजे पंचेचाळिशीत वजन वाढतं त्याची कारणं दुसरी आहेत. खुर्ची वाढलेली असते, झोप कमी झालेली असते, गाडी दारात आलेली असते, आणि स्नायू झिजायला लागलेले असतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात असं मानलं जातं. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते, हेही खरं. पण 'वय झालं, आता काही होत नाही' हे खरं नाही.

दुसरं, चालण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाक होईल असा व्यायाम सांगते. आपल्या लोकांना एवढं माहीत असतं. त्याच सूचनेत पुढे आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ते कोणी करत नाही. जिमची गरज नाही. पाठ टेकून न बसता खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा. भिंतीला हात लावून दंड काढा. जिन्याच्या पायरीवर टाचा उचला. दहा-बारा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी वजन विचारायच्या आधी एक विचारतो : पंगतीत मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? बहुतेक जण विचार करतात आणि मग म्हणतात, 'आता आम्ही टेबल-खुर्चीवरच जेवतो.' २०१२ मध्ये ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं, दहापैकी गुण दिले आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठण्यात ताकद, तोल, लवचिकपणा आणि वजन या सगळ्यांचा हिशेब एकदम लागतो. घरातल्या सतरंजीवर आज करून बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा दुखणं जास्त असेल तर मात्र एकट्याने करू नका.

कपाशी

चोपडा तालुक्यातला शेतकरी. वय ४९. लोकांना वाटतं शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज. आमच्या वडिलांच्या वेळी ते खरं होतं. आज माझा दिवस बघा. घरून मळ्यात मोटारसायकलवर. मळ्यात बांधापर्यंत मोटारसायकलवर. नांगरटी-रोटाव्हेटर ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, मोटर मोबाईलवरून चालू-बंद. मजूर वाकून काम करतात, मी उभा राहून सांगतो. जेवण मात्र अजून वडिलांच्याच वेळचं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) दोन भाकरी, ठेचा, वर तेल, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. पोट सुटलं त्यात नवल नाही.

मी एकच बदल केला. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि मळ्यात पायी फिरायचं, चारी बांध. त्याचा शेतीलाही फायदा झाला. गाडीवरून बोंडअळी दिसत नाही, पायी फिरलं की पात्या-फुलांत हात घालून बघता येतं. वजन किती उतरलं ते मोजत बसलो नाही, पण पट्ट्याला दोन भोकं आत आलो.

अडचण गावाची झाली. बारीक झालो तर जो भेटेल तो विचारी, 'काय व्हयनं भो तुले? बिमार शे का?' मामांनी तर घरी फोन करून बायकोला विचारलं की काही लपवताय का. आपल्याकडे पोट म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घर. उतरलं तर एक तर कर्ज झालं, नाही तर आजार. मन घट्ट नसेल तर माणूस या चौकशीनेच परत खायला लागतो.

आखाजी

कपाशीदादा, अगदी खरं बोललात. माझं माहेर अमळनेरचं, सासर पुण्याला. उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की आई आधी चेहरा बघते आणि म्हणते, 'किती वाळलीस गं.' मग खापरावरचे मांडे आणि आमरस. नाही म्हणायची सोय नसते, आणि मला म्हणायचंही नसतं. वर्षातून एकदा आई खापराशी बसते, हातावर मांडा फिरवून मोठा करते, तो मी मोजून खाऊ? तेवढे दिवस मी हिशेब सोडते. बाकी वर्षभर पाळते.

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. माझं वय ५०. गेली दोन वर्षं नियमित चालते, घरी डंबेल्स उचलते. वजन उतरलं ते जेमतेम. सुरुवातीला खूप रडू यायचं. मग रिपोर्ट बघितले : शुगर खाली, ट्रायग्लिसराइड्स खाली, बीपीची गोळी अर्धी झाली, झोप लागते. वजनकाट्याने मला यातलं काहीच सांगितलं नसतं. काट्याकडे बघून सोडून दिलं असतं तर हे सगळं गमावलं असतं. म्हणून कळकळीने सांगते, वजन उतरत नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

'कुणाला दाखवायचंय' हे मलाही ऐकवलं गेलं, तेही नात्यातल्या बाईने. मी म्हटलं, काकू, दाखवायचं कुणालाच नाही. सत्तरीत मला संडासला स्वतः उठून जायचंय. त्या गप्प झाल्या. नंतर एकदा त्यांनीच विचारलं की खुर्चीवरचा तो व्यायाम कसा करायचा.

सांधेदुरुस्त

आखाजीताई, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, ते मुख्यतः खाण्याने उतरतं. व्यायामाचा फायदा वजनाच्या बाहेर बराच आहे. शिवाय उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात त्याचा हात मोठा. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यात बदल आणि नियमित चालणं एवढ्यावर मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्या लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! धागाकर्त्या ताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं. ६.१ वरून परत फिरता येतं.

लाल_कंदील

रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये (गाडीबरोबर जाणाऱ्यांत) आहे, भुसावळ. वय ४६. इथे सगळे 'पहाटे साडेपाच' लिहितात तेव्हा मला प्रश्न पडतो की माझी पहाट कोणती. आज रात्री दोनला ड्युटी, परवा दुपारी बाराला. कुठल्याही ग्रुपमध्ये टिकता येत नाही. घड्याळ लावून व्यायाम करा असं सांगणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार करावा. पोलीस, नर्स, कारखान्यात पाळीवर काम करणारे असे खूप जण आहेत.

मी घड्याळाऐवजी घटनेला व्यायाम बांधला. ड्युटीवरून आलो, अंघोळीच्या आधी वीस मिनिटं. मग ती वेळ सकाळी आठची असो की रात्री अकराची. रनिंग रूममध्येही (बाहेरगावी ड्युटीनंतर मुक्काम करतो तिथे) तेच. बॅगेत रबरी पट्टा असतो, उशीएवढीही जागा लागत नाही. आणि रात्री दोन ते चारच्या मध्ये खायचं नाही, नुसतं पाणी किंवा बिनसाखरेचा चहा. हे सगळ्यात अवघड गेलं. जागं राहायला खायची सवय असते, भूक नसते.

तरी ताईंच्या मुद्द्याला माझा पाठिंबाच आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, पंढरपूरला पोचेपर्यंत महिनाभर पायी. त्यात साठीच्या, पासष्टीच्या बायका असतात. त्यांना कोणी विचारत नाही की प्रेरणा कुठून आणता. दिंडी निघाली की त्या निघतात. माझी आई दोनदा जाऊन आली. घरी चार पायऱ्या चढताना गुडघा धरणारी बाई वारीत रोजचा टप्पा चालली. सोबत मिळाली की शरीर काय करू शकतं ते मी घरात बघितलं आहे.

पांझरा_५५

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं तुम्ही उगाच गुंतागुंत करताय. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं साधं आहे. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मी केलं, १२ किलो उतरले. दोनच वेळा खायचं असल्यामुळे दिवसभर विचारच करावा लागत नाही. पाहुण्यांकडे गेलो तर 'माझी वेळ झालेली नाही' एवढं सांगतो. नियम ठाम असला की लोक आग्रह सोडतात. 'थोडंसं घ्या' म्हणणाऱ्याला 'थोडंच देणार ना' असं उत्तर देत बसलं की आपण हरलोच.

सांधेदुरुस्त

पांझरादादा, अभिनंदन. ज्याला जमतं त्याने जरूर करावं. ठाम नियमाचा फायदा होतो हेही मान्य. फक्त एक कळकळीची सूचना : ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनाने जेवणं कमी करू नयेत. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोट रिकामं असतानाही साखर उतरवतात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती साखर घसरल्याची खूण असू शकते. आधी डॉक्टरांशी बोलून गोळीचा डोस ठरवून घ्यावा.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल मला व्यनि (खासगी निरोप) आले आहेत, त्याचंही इथेच लिहितो. त्यातलं मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. औषध परिणामकारक आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, त्यामुळे ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं दोन्ही तेव्हा जास्त लागतात.

सुगरण_शिरपूर

स्वयंपाकघराबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, कारण घरातल्या चौघांचं वजन ज्या हातात असतं तो हात माझा आहे.

आमच्याकडे चार माणसांत महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. एकदा बसून हिशेब केला. माणशी दिवसाला ४० मिलीच्या वर जातं. स्वयंपाकाचं तेल माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम असावं असं सांगतात. तेलाचा एक ग्रॅम म्हणजे नऊ कॅलरी, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात तेलातूनच रोज साडेतीनशेच्या आसपास जात होत्या. आणि हे फक्त डब्यातलं तेल. शेवभाजीतली शेव तळलेली असते, फरसाण-कचोरी बाहेरून येते, ते यात धरलेलंच नाही.

मी कुणाला काही सांगितलं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर तेल वेगळ्या बरणीत काढलं आणि ठरवलं की महिनाभर यातूनच. मग हात आपोआप आखडतो. शेवभाजीला तर्री हवीच, नाही तर ती शेवभाजी कसली. पण ती आठवड्यातून एकदा. वरण-बट्टीच्या बट्ट्या तळायच्या ऐवजी उकडून तव्यावर भाजल्या, वरून तूप चमच्याने, मापाने. भरितात तेल कमी करता येतं, कारण चव भाजण्यात असते. फोडणीचं तेल निम्मं केलं आणि कांद्याची पात वाढवली तर कोणाला कळलंही नाही. उडदाचं वरण, कळण्याची भाकरी, मटकी-मुगाची उसळ हे आपलं जुनंच खाणं आहे, आणि प्रथिनांसाठी चांगलं आहे. बाहेरून पावडरी आणायच्या आधी ते ताटात परत आणा.

नवऱ्याच्या चालण्यासाठी मी एकदाही मागे लागले नाही. रात्री जेवण झालं की मीच ओढणी घेऊन निघते आणि म्हणते, 'येताय का कोपऱ्यापर्यंत?' ते येतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर साखर कमी चढते असं आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं आहे. दिवसभरात आमचं दोघांचं नीट बोलणं होतं ते त्या पंधरा मिनिटांतच. मुलं, कर्ज, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं तिथेच. मला विचाराल तर आमचं टिकलं ते त्या बोलण्यासाठी.

पुन्हा_पहिल्यापासून

वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं. वय ५१. पाळी जाऊन वर्ष झालं. रात्री घामाने जाग येते, दिवसभर अंग जड. मुलगी नोकरीला लांब गेली. सुरुवात खूप वेळा केली, दर वेळी काही दिवस चांगले जातात आणि मग लग्न, आजारपण, पाऊस असं काहीतरी येतं आणि सुटतं. आता सुरू करायलाच लाज वाटते. घरचे म्हणतात, 'झालं का परत सुरू?' त्यांना टोमणा मारायचा नसतो, पण लागतं. तुम्ही सगळे इतकं छान करताय. ज्यांचं वारंवार सुटतं त्यांनी काय करायचं?

आखाजी

ताई, आधी एक. रात्रीचा घाम आणि अंग जड होणं हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात बायका सगळं 'पाळी गेल्यामुळे' म्हणून अंगावर काढतात. थायरॉईड कमी पडत असेल किंवा रक्त कमी असेल तर मन कितीही घट्ट केलं तरी पाय उचलत नाहीत. त्यात तुमचा काही दोष नाही.

मन बराच काळ खाली राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचीच गोष्ट आहे. मी सांगितलं होतं. मला उपयोग झाला.

धुळेकर

ताई, लग्न, आजारपण, पाऊस हे दर वर्षी येणारच. खंड पडणार हे धरूनच चालायचं. माझाही पडतो. मे महिन्यात धुळ्यात पारा चाळिशीच्या वर चढला की किल्ला बंद, सकाळी सहानंतर बाहेर पडत नाही. जुलैत निसरडं असतं. तेव्हा घरी जिना चढतो, इमारतीचा. खंडानंतर पहिल्या दिवशी आधीच्या निम्म्यानेच सुरू करा. जिथे सोडलं तिथूनच धरायला गेलं की दुसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि तिसऱ्या दिवशी परत सुटतं. आणि 'परत सुरू?' म्हणणाऱ्यांना 'हो, परत सुरू' एवढंच म्हणा.

सांधेदुरुस्त

धुळेकरदादांना अनुमोदन. ताई, तुम्हाला आठवडाभरासाठी फक्त एवढंच सांगतो : चहा ठेवला की तो उकळेपर्यंत ओट्याला हात लावून टाचा उचलायच्या. बाहेर जायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही. आठवडा झाला की इथे येऊन लिहा, पुढचं सांगतो. रोजच्या दहा हजार पावलांचं दडपण तर अजिबात घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला. दोन हजारांची चार हजार झाली तरी शरीराला फायदा कळतो.

कपाशी

ताई, डॉक्टर सांगतात तसं टाचांपासून करा. धीरे धीरे व्हई जाई.

तापीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सुगरणताईंचं बरणीचं तेल मी कालच सुरू केलं. लाल_कंदीलदादा, घटनेला व्यायाम बांधायची तुमची युक्ती माझ्या भावाला पाठवली आहे, तो कारखान्यात पाळीवर असतो. माझं 'चार माणसांत' हे म्हणणं मी सोडत नाही, पण चार माणसं म्हणजे ग्रुपच असायला हवा असं नाही, हे सुगरणताईंच्या पंधरा मिनिटांवरून पटलं. एक माणूस पुरतो.

बायकांसाठी एक राहून गेलं होतं. सकाळी बाहेर न पडण्याचं खरं कारण पुष्कळदा आळस नसतो. अंधार असतो आणि कुत्री असतात. आमच्या भागात सात-आठ कुत्र्यांचा घोळका चौकातच बसतो. एकदा शेजारणीच्या साडीचा पदर ओढला, तेव्हा दोघीही घरी बसलो होतो. मग काठी घेऊन निघायला लागलो, फटफटेपर्यंत थांबतो आणि आता आमच्याबरोबर गल्लीतल्या आणखी तिघी असतात. कुत्री भुंकतात, पण जवळ येत नाहीत. ज्यांना 'मनच होत नाही' असं वाटतं त्यांनी एकदा स्वतःला विचारून बघा की मन होत नाही की भीती वाटते. भीती वाटत असेल तर सोबत शोधा, वेळ बदला, नगरसेवकाला दिव्यांसाठी अर्ज द्या. आम्ही दिला आहे. दोन दिवे लागले, एक बाकी आहे.

पुन्हा_पहिल्यापासून

सगळ्यांना धन्यवाद. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. टाचा आज केल्या, चहा उतू गेला नाही. ताई, मी पण जळगावलाच आहे, मेहरूणपासून फार लांब नाही. तुमच्याबरोबर आले तर चालेल का? मी हळू चालते.

तापीकाठची

चालेल काय, याच. आमच्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आम्ही सगळ्या तिच्याच वेगाने चालतो. व्यनि करते, कुठे थांबायचं ते ठरवू. तुमच्या घराकडून चौकापर्यंत कुत्री असतील तर सांगा, एक जण तुमच्या फाटकापर्यंत येईल.